लांबी, रुंदी आणि खोली : शेतावरील घनमापाचा पाठ

शेतकऱ्याचा जमिनीच्या मापाशी नित्य संबंध येतो. गुंठा आणि एकर ही मापे त्याच्या तोंडी असतात, व वावराच्या लांबी-रुंदीवरून त्याचे क्षेत्र किती होईल याचा अंदाज तो उभ्या उभ्या सांगू शकतो. परंतु शेतीतील पुष्कळ वस्तू केवळ क्षेत्राने मोजता येत नाहीत. तळ्यातील पाणी, खड्ड्यातील खत, चरातून निघालेली माती, ट्रॉलीतील मुरूम, खड्ड्यात दाबलेला मुरघास या साऱ्यांना लांबी व रुंदीबरोबर खोली किंवा उंचीही असते. हे तिसरे माप चुकले म्हणजे पहिली दोन मापे कितीही बिनचूक असली तरी हिशेब चुकतो, आणि त्या चुकीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. कधी पीक पाण्यावाचून सुकते, कधी मजुराची मजुरी बुडते, तर कधी पैसे भरूनही माल कमी पदरात पडतो. यास्तव ही तिन्ही मापे कशी ओळखावीत, कोठून घ्यावीत व त्यांचा हिशेब कसा मांडावा, याचा विचार या पाठात केला आहे.

तीन मापे म्हणजे काय

सपाट जमिनीवरील दोन आडव्या बाजूंपैकी मोठीला लांबी व लहानीला रुंदी म्हणण्याचा प्रघात आहे. या दोन्हींना काटकोनात, ओळंब्याच्या दोरीने दाखविलेल्या उभ्या दिशेत जे माप येते ते तिसरे माप होय. ते जमिनीच्या खाली मोजले तर त्यास खोली म्हणतात आणि वर मोजले तर उंची. वस्तू पातळ असेल तर त्यालाच जाडी हे नाव मिळते. नावे निराळी असली तरी काम एकच आहे. तिन्ही मापांचा गुणाकार केला की वस्तूने किती जागा व्यापली आहे, म्हणजेच तिचे घनफळ किती आहे, ते कळते.

हा गुणाकार कोणत्याही क्रमाने केला तरी उत्तर तेच येते. तथापि नोंदवहीत नेहमी लांबी, रुंदी व खोली असाच क्रम ठेवावा. ‘५ × २ × १’ अशी नोंद वाचणाऱ्यास खड्डा १ मीटर खोल आहे हे न विचारता समजले पाहिजे. क्रम बदलला तर घनफळ बदलणार नाही, पण २ मीटर खोल खड्डा आणि १ मीटर खोल खड्डा या शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

पूर्वी लांबी-रुंदी हातांत आणि विहिरीची खोली परसात सांगण्याची रीत होती. १९५६ साली वजने व मापे यांविषयीचा अधिनियम झाला व त्यानंतर मेट्रिक पद्धती देशात टप्प्याटप्प्याने लागू झाली. तरीही खेड्यापाड्यांत फूट व ब्रास ही मापे व्यवहारात आहेतच. म्हणून दोन्हींचा मेळ माहीत असावा. १ फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट, आणि १ घनमीटर जागेत १,००० लिटर पाणी मावते.

येथे एक चूक वारंवार घडते. समजा, खताचा खड्डा ५ मीटर लांब, २ मीटर रुंद व ९० सेंटिमीटर खोल आहे. पुष्कळ जण ५ × २ × ९० असा गुणाकार करून ९०० हा आकडा लिहितात. हे ९०० घनमीटर नव्हेत आणि घनसेंटिमीटरही नव्हेत. गुणाकारापूर्वी तिन्ही मापे एकाच परिमाणात आणली पाहिजेत. ९० सेंटिमीटर म्हणजे ०.९ मीटर, म्हणून घनफळ ५ × २ × ०.९ = ९ घनमीटर.

पाऊससुद्धा खोलीतच मोजतात

पर्जन्यमापकावर ५० मिलिमीटर पाऊस पडला असे आपण म्हणतो, तेव्हा ते खोलीचेच माप असते. पडलेले पाणी वाहून वा मुरून न जाता जागच्या जागी उभे राहिले असते, तर त्याचा थर ५० मिलिमीटर जाडीचा झाला असता, असा त्याचा अर्थ. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, आणि ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०० घनमीटर पाणी. पिकास ५ सेंटिमीटर खोलीची एक पाळी द्यावयाची तर एका गुंठ्यास सुमारे ५ घनमीटर व एका एकरास सुमारे २०२ घनमीटर पाणी लागते. हा शेवटचा आकडा पाठ करून ठेवण्याजोगा आहे, कारण तळ्यातील पाणी किती एकरांस पुरेल हे त्यावरूनच काढावयाचे असते.

शेततळ्याचे घनफळ

महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली, तेव्हापासून ३० × ३० × ३ मीटर हे आकारमान गावोगावी परिचयाचे झाले. या तळ्यात पाणी किती, असे विचारले असता बहुतेकांकडून ३० × ३० × ३ = २,७०० घनमीटर असे उत्तर येते. हे उत्तर बरोबर नाही. तळ्याच्या बाजू उभ्या भिंतीसारख्या नसतात. तशा ठेवल्या तर त्या ढासळतील, म्हणून त्यांना उतार दिलेला असतो. उतार १:१ असेल तर १ मीटर खोल जाताना कड १ मीटर आत येते. ३ मीटर खोलीस प्रत्येक बाजू ३ मीटर आत येते, आणि समोरासमोरच्या दोन बाजू मिळून ६ मीटर कमी होतात. म्हणून वर ३० × ३० मीटर असलेले तळे तळाशी केवळ २४ × २४ मीटर उरते.

अशा वेळी पुढील रीतीने हिशेब करावा. माथ्याचे क्षेत्रफळ, बरोबर मध्यावरील क्षेत्रफळाची चौपट आणि तळाचे क्षेत्रफळ यांची बेरीज करावी. बेरजेला ६ ने भागावे आणि आलेल्या आकड्यास खोलीने गुणावे.

माथा : ३० × ३० = ९०० चौरस मीटर
मध्य : २७ × २७ = ७२९ चौरस मीटर, त्याची चौपट २,९१६
तळ : २४ × २४ = ५७६ चौरस मीटर
बेरीज : ४,३९२
६ ने भागून : ७३२
खोली ३ मीटरने गुणून : २,१९६ घनमीटर

म्हणजे समजुतीतील २,७०० घनमीटरांपैकी ५०४ घनमीटर पाणी तळ्यात कधीच मावत नाही. जमीन भुसभुशीत असल्यामुळे उतार दीडास एक ठेवावा लागला, तर तळ २१ × २१ मीटर होतो आणि घनफळ १,९७१ घनमीटरांवर येते. मापे तीच, पण उतार बदलताच पाणी कमी झाले, हे शेतकऱ्यास तळे खोदण्यापूर्वीच सांगितले पाहिजे.

दुसरा गैरसमज लहान तळ्याविषयी आहे. १५ × १५ × ३ मीटरच्या तळ्यात मोठ्या तळ्याच्या निम्मे पाणी राहील असे काहींस वाटते. जरा विचार करणारा चौथाई म्हणतो. परंतु १:१ उताराने या तळ्याचा तळ ९ × ९ मीटर राहतो व वरील रीतीने घनफळ ४४१ घनमीटर येते. हे मोठ्या तळ्याच्या पाचव्या हिश्शाइतकेच आहे. उतार दोन्ही तळ्यांत सारखीच जागा आत घेतो, पण लहान तळ्यास ती अधिक जाचते.

अर्धी खोली म्हणजे अर्धे पाणी नव्हे

तळ्यात खुणेची काठी उभी करून पाण्याची खोली वाचणे ही चांगली सवय आहे. मात्र काठीवरील आकड्यावरून पाण्याचा साठा काढताना तळे खाली निमुळते आहे हे विसरू नये. वर वर्णिलेल्या ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात साठा पुढीलप्रमाणे असतो.

पाण्याची खोली १ मीटर : साठा सुमारे ६२५ घनमीटर
पाण्याची खोली १.५ मीटर : साठा सुमारे ९७७ घनमीटर
पाण्याची खोली २ मीटर : साठा सुमारे १,३५५ घनमीटर
पाण्याची खोली ३ मीटर : साठा २,१९६ घनमीटर

वरच्या एका मीटरच्या थरात ८४१ घनमीटर पाणी आहे, तर तळच्या एका मीटरच्या थरात ६२५. आता एखाद्या शेतकऱ्याच्या तळ्यात २ मीटर पाणी आहे आणि पावसाने ओढ दिली आहे असे समजू. तळे २,७०० घनमीटरांचे धरून तो दोन तृतीयांश साठा १,८०० घनमीटर मानतो, आणि ५ सेंटिमीटरच्या पाळीने जवळजवळ ९ एकर भिजतील असा बेत करतो. प्रत्यक्षात १,३५५ घनमीटर पाणी पावणेसात एकरांच्याही आतच संपते. उरलेली दोन एकरांहून अधिक जमीन ऐन फुलोऱ्यात कोरडी राहते. हाच हिशेब आधी नीट केला असता तर त्याने पाळी हलकी दिली असती, किंवा कोणते क्षेत्र सोडावयाचे ते स्वतः ठरविले असते. शिवाय तळाशी साचलेला गाळ आणि पंपाने उचलता न येणारे पाणी यांचीही वजावट करावी लागते.

बाष्पीभवनाचा हिशेब मात्र खोलीवर नसून पाण्याच्या पसाऱ्यावर असतो. उन्हाळ्यात पातळी दिवसाला ८ मिलिमीटर उतरते असे धरले, तर ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज ७.२ घनमीटर, म्हणजे ७,२०० लिटर पाणी उडून जाते. तेवढाच साठा अधिक खोल व कमी पसरट तळ्यात असता तर हानी कमी झाली असती. घनफळ सारखे असले तरी कोणते माप मोठे व कोणते लहान यास महत्त्व आहे, ते असे.

खोली कोठून व कशी मोजावी

शेततळ्यावरील मोजणीत सर्वांत मोठी चूक खोलीच्या बाबतीत होते. टेप काठावर धरून उतरणीवरून तळापर्यंत सोडला, तर ३ मीटर खोल तळ्यात तो ४.२४ मीटर दाखवितो. ही उतरणीची लांबी आहे, खोली नव्हे. ती खोली म्हणून लिहिल्यास घनफळ ४१ टक्क्यांनी फुगते. खोली नेहमी उभीच मोजावी. यासाठी दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून दोरी ताणावी, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोरीची दोन्ही टोके समपातळीत आणावीत, आणि दोरीपासून तळापर्यंत ओळंबा सोडून माप घ्यावे.

दुसरी चूक म्हणजे खोदलेली माती टाकून केलेल्या बांधाच्या माथ्यापासून खोली मोजणे. बांध ६० सेंटिमीटर उंच असेल तर २.४ मीटर खोदाई ३ मीटर दिसते. खोदाईची खोली मूळ जमिनीच्या पातळीपासून घ्यावयाची असते. यासाठी काम सुरू होण्यापूर्वी पातळीची खूण एखाद्या पक्क्या दगडावर करून ठेवावी. मातीकामात मधूनमधून न खोदलेले मातीचे खांब उभे ठेवण्याची जुनी पद्धत आहे. मूळ जमीन कोठे होती याची ते खांब साक्ष देतात, म्हणून मोजणी पुरी होईपर्यंत ते पाडू नयेत.

माथ्याची आखणी करताना चारही बाजू ३० मीटर भरल्या म्हणजे काम झाले असे समजू नये. बाजू सारख्या असूनही आकृती तिरपी असू शकते व तिचे क्षेत्रफळ कमी भरते. दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. ३० मीटरच्या चौरसात दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे सुमारे ४२.४३ मीटर यावयास हवेत.

लहान मापातील चूक मोठी

समजा, एक चर १० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल आहे. त्यातून १.८ घनमीटर माती निघते. आता टेप वाचताना ५ सेंटिमीटरची चूक झाली. ती लांबीत झाली तर घनफळात जेमतेम ०.००९ घनमीटरचा फरक पडतो. रुंदीत झाली तर ०.१५ घनमीटरचा, आणि खोलीत झाली तर ०.३० घनमीटरचा, म्हणजे सहाव्या हिश्शाचा फरक पडतो. यावरून नियम असा निघतो की, तीन मापांपैकी जे सर्वांत लहान असेल ते सर्वांत काळजीने मोजावे. बहुधा ते खोलीचेच असते. प्रत्यक्षात मात्र लांबी दोनदा मोजली जाते आणि खोली नजरेने लिहिली जाते.

खोली सर्वत्र सारखी नसते, म्हणून एकाच जागी मोजू नये. याच चरात पाच ठिकाणी ३०, २८, ३१, २६ व २५ सेंटिमीटर खोली आढळली, तर बेरीज १४० व सरासरी २८ सेंटिमीटर होते आणि घनफळ १.६८ घनमीटर भरते. पहिल्याच जागी मोजले असते तर १.८ घनमीटर आणि शेवटच्या जागी मोजले असते तर १.५ घनमीटर लिहिले गेले असते. खोदाईची मजुरी घनमापावर ठरते तेथे हा फरक मजुराच्या घामाचा असतो. मोजणाऱ्याने त्याच्यावर अन्याय करू नये आणि न केलेल्या कामाचे दामही देऊ नयेत. मोजणी मजुरांच्या समक्ष करावी व आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत.

खड्डा मोजावा, ढीग नव्हे

खोदलेली माती मोकळी होते व फुगते. मातीच्या जातीप्रमाणे ही वाढ कमी-अधिक असते. पुष्कळ ठिकाणी ती सव्वापटीच्या आसपास धरतात. ट्रॉलीचा साटा आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट उंच असेल, तर काठोकाठ भरल्यास त्यात १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास माती मावते. २,१९६ घनमीटरांचे, अर्थात सुमारे ७७५ ब्रासांचे तळे खोदले, तर खड्ड्याच्या मापाने सुमारे ६५० ट्रॉल्या होतील असे वाटते. परंतु फुगलेली माती वाहून नेण्यास ८०० च्या वर खेपा लागतात. खोदाईचा दर व वाहतुकीचा दर ठरविताना कोणते माप धरावयाचे हे आधीच बोलून घ्यावे. मुरूम विकत घेताना साटा आतून मोजावा. बाहेरून मोजल्यास फळ्यांची जाडीही विकत घेतल्यासारखे होते.

तळ्याचे अस्तर : जाडी हे तिसरे माप

तळ्यास प्लास्टिकचे अस्तर घ्यावयाचे तर माथ्याच्या मापाने कागद मागवू नये. कागद उतरणीवरून खाली जातो, तळावरून पलीकडे जातो व पुन्हा वर चढतो. म्हणून त्याची लांबी ४.२४ + २४ + ४.२४ = ३२.४८ मीटर होते. काठावरील चरात कडा पुरण्यासाठी प्रत्येक बाजूस १ मीटर धरल्यास ३४.४८, म्हणजे ३४.५ मीटर लागते. ३४.५ × ३४.५ मीटर म्हणजे सुमारे १,१९० चौरस मीटर कागद, ९०० नव्हे.

कागदाची जाडी डोळ्यांना कळत नाही, पण वजनावरून ताडता येते. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. या जाडीच्या १ चौरस मीटर कागदाचे घनफळ ५०० घनसेंटिमीटर होते. तळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिथिनची घनता सुमारे ०.९४ असते, म्हणून तेवढ्या तुकड्याचे वजन ४७० ग्रॅमच्या आसपास भरावयास हवे. ते २८० ग्रॅम भरले तर कागद ३०० मायक्रॉनचा आहे असे समजावे.

गोल विहीर

विहिरीस लांबी-रुंदी नसते, तेथे व्यास असतो. दोन काटकोनी दिशांनी व्यास मोजून सरासरी घ्यावी. व्यासास व्यासाने गुणावे, आलेल्या आकड्यास ०.७८५ ने गुणावे आणि मग पाण्याच्या खोलीने गुणावे. व्यास ६ मीटर व पाणी ४ मीटर असल्यास ६ × ६ × ०.७८५ × ४ = सुमारे ११३ घनमीटर, म्हणजे १ लाख १३ हजार लिटर पाणी झाले. व्यास दुप्पट केल्यास पाणी चौपट होते. खोली दुप्पट केल्यास ते दुप्पटच होते.

मुरघासाचा खड्डा : माप निवडण्याची कला

चार जनावरांस प्रत्येकी रोज १५ किलो मुरघास १२० दिवस द्यावयाचा आहे. एकूण गरज ७,२०० किलो. चांगला दाबून भरल्यास १ घनमीटर जागेत सुमारे ५०० ते ६०० किलो मुरघास बसतो. ५०० किलो धरल्यास १४.४ घनमीटरांचा खड्डा हवा. २ मीटर रुंद, १.५ मीटर खोल व ४.८ मीटर लांब खड्ड्याचे घनफळ तेवढेच भरते. परंतु हा खड्डा सोयीचा नाही. रोजचा ६० किलो चारा म्हणजे ०.१२ घनमीटर. खड्ड्याचे तोंड २ × १.५ = ३ चौरस मीटर असल्याने रोज केवळ ४ सेंटिमीटरचा थर निघेल आणि उघडे पडलेले तोंड हवा लागून खराब होऊ लागेल. रोज निदान १० सेंटिमीटर थर निघाला पाहिजे. त्यासाठी तोंड १.२ चौरस मीटर असावे, म्हणजे रुंदी १.२ मीटर, खोली १ मीटर आणि लांबी १२ मीटर. घनफळ तेच १४.४ घनमीटर, पण चारा शेवटच्या दिवसापर्यंत टिकतो. खताचा खड्डाही सुमारे १ मीटरहून खोल न नेण्याचे कारण असेच आहे. फार खोलवर हवा पोचत नाही व कुजण्याची क्रिया मंदावते. जागा वाढवावयाची तर लांबी वाढवावी.

गावात घ्यावयाचे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा पाठ केवळ तोंडाने सांगू नये. आतून १० सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा पत्र्याचा डबा करून घ्यावा. त्यात बरोबर १ लिटर पाणी मावते. नंतर तिन्ही बाजू २० सेंटिमीटर असलेला दुसरा डबा घ्यावा व तो भरण्यास किती लिटर लागतील ते जमलेल्या मंडळींस विचारावे. बहुतेक जण दोन म्हणतील, काही चार म्हणतील. मग लहान डब्याने मोठा डबा त्यांच्याच हाताने भरवून घ्यावा. तो आठ वेळा ओतल्यावर भरेल. त्यानंतर मंडळींस जवळच्या शेततळ्यावर न्यावे, उतरणीवरून व ओळंब्याने अशी दोन्ही मापे घ्यावयास लावावीत आणि दोन्हींचा फरक त्यांच्याकडूनच काढवून घ्यावा.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. तिन्ही मापे एकाच परिमाणात आणल्यावाचून गुणाकार करू नये.

२. खोली उभीच मोजावी आणि मूळ जमिनीच्या पातळीपासून मोजावी.

३. खोली निदान पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी.

४. सर्वांत लहान माप सर्वांत काळजीने घ्यावे.

५. बाजू उतरत्या असल्यास माथा, मध्य व तळ या तिन्हींची क्षेत्रफळे धरावीत.

६. खोदाईचे माप खड्ड्यावरून आणि वाहतुकीचे माप साट्यावरून घ्यावे.

७. शेततळ्याच्या काठीजवळ खोलीप्रमाणे साठ्याचे कोष्टक रंगवून ठेवावे.

यांतील शेवटची गोष्ट करण्यास एक पाटी व थोडा रंग एवढाच खर्च येतो. पाऊस लांबला असता किती एकर भिजवावयाचे हे त्या पाटीवर पाहून शेतकऱ्यास त्याच दिवशी ठरविता येते.